नदीची वही कोण लिहिणार?

द्वितीय वर्ष, कला

पुणे शहराला विद्येचे माहेरघर म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या माहेरघरात महाविद्यालये कोणती, संशोधनसंस्था कोणत्या, ग्रंथालये कुठे, ह्याची यादी आपल्यापैकी कोणीही घडाघडा सांगेल. पण ह्याच शहरातून मुळा आणि मुठा वाहतात, संगमावर एक होतात आणि मुळा-मुठा ह्या जोडनावाने पूर्वेकडे निघून जातात. त्यांच्या पाण्यात आज काय जिवंत आहे, काय मेले आहे आणि ते कधीपासून, असे कोणी विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल? नदी घाण झाली आहे एवढे सगळेच सांगतात. ते सांगायला विद्यापीठाची गरज नाही, नाक पुरेसे आहे. विद्यापीठाची गरज लागते ती त्याच्या पुढच्या प्रश्नांसाठी.

म्हणून प्रस्तुत लेखात मला एक सूचना मांडायची आहे. विद्यापीठाने शहरी गोड्या पाण्याचा अभ्यास आणि शिक्षण ह्यांसाठी नदीकाठी एक क्षेत्रकेंद्र उभारावे. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय असते, कृषी महाविद्यालयाला शेत असते. रुग्ण न पाहता डॉक्टर व्हावे किंवा नांगर न पाहता शेतकीची पदवी घ्यावी असे कोणी म्हणत नाही. मग पाण्याविषयी शिकणाऱ्याने पाणी फक्त बाटलीत भरून आणलेलेच का पाहावे? क्षेत्रकेंद्र म्हणजे अशी जागा की जिथे नदी दाराशी आहे, जिथे रात्री मुक्काम करता येतो, जिथे एक साधी प्रयोगशाळा, एक होडी, एक कपाट आणि त्या कपाटात वर्षानुवर्षे न चुकता लिहिलेली वही आहे. ह्या सगळ्यांत ती वही सर्वांत महत्त्वाची आहे, असे मला वाटते. इमारत नंतर.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्या भानगडीत का पडावे, असे काही जण म्हणतील. त्याचे एक उत्तर पुढे येईलच. दुसरे उत्तर घरचे आहे. मी शहराच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठी असलेल्या एका गावातून रोज महाविद्यालयात येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आजी सांगते की तिच्या सासुरवासाच्या पहिल्या वर्षांत बायका नदीच्या वाळूत झरा उकरून पिण्याचे पाणी भरीत. आज त्याच काठाला आम्ही जारचे पाणी विकत घेतो. नदीच्या पाण्यावर ऊस जोमाने येतो हे खरे, पण त्या पाण्यात दिवसभर उभे राहून दारे धरणाऱ्या माणसाच्या पायांना खाज सुटते. उन्हाळ्यात जलपर्णीने नदी अशी झाकून जाते की नवख्या माणसाला ते हिरवे मैदान वाटावे. सायंकाळी डासांमुळे ओट्यावर बसवत नाही. आजीचा झरा आणि आमचा जार ह्यांच्या मधल्या काळात नदीचे नेमके काय झाले, हे गावात कोणालाही तारीखवार सांगता येत नाही. आमच्याकडे आठवणी आहेत, नोंदी नाहीत. आणि आठवण घेऊन कचेरीत गेले की साहेब म्हणतात, पुरावा आणा.

आता थोडे नदीविषयी. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणे आली. मुळेचे पाणी मुळशीला टाटांच्या धरणात अडते आणि वीज करून कोकणात उतरते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला तेच हे धरण. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. म्हणजे पावसाळा सरला की डोंगराचे पाणी बहुतेक वरच अडते किंवा कालव्याने आणि नळाने दुसरीकडे जाते. शहरातून वाहते ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेले पाणी. त्यातले काही शुद्धीकरण केंद्रातून आलेले असते, काही नाल्यांतून थेट. हे पाणी आमच्या गावांवरून जाऊन भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात शिरते, आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. पुण्याच्या मोरीपासून सोलापूरच्या हंड्यापर्यंतची ही वाट आहे. भूगोलाच्या पुस्तकात ती निळ्या रेघेने दाखवतात. ती निळी का, हा प्रश्न मला शाळेपासून पडलेला आहे.

कोणी म्हणेल, पाण्याची तपासणी तर होतेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठराविक ठिकाणी नमुने घेते, महापालिका आपल्या केंद्रांचे पाणी तपासते. विद्यापीठातही पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, प्राणिशास्त्राचा आहे, भूगोलाचा आहे, आणि विद्यार्थी सहलीने जाऊन नमुने आणतात. मग काठावर वेगळे घर कशाला? ह्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावातच आहे.

पाण्यातला विरघळलेला प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. दुपारी ऊन असताना पाण्यातले शेवाळ प्राणवायू सोडते आणि मोजणी चांगली येते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागते, त्यात मैल्यावर जगणारे जिवाणूही आपला वाटा ओढतात, आणि पहाटेपर्यंत तो सर्वांत खाली जातो. स्वच्छ पाण्यात पंचवीस अंश सेल्सियस तापमानाला दर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. माशांसाठी तो निदान ४ असावा असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. दुपारी ६ भरलेले पाणी पहाटे २ वर आलेले असू शकते. सकाळी दहाला निघून दुपारी नमुना घेणाऱ्या सहलीला हे कसे कळणार? ते पहाटे चारला काठावर असणाऱ्यालाच कळेल. आमच्या गावात मासे मेलेले दिसतात ते सकाळी उजाडताना, ह्याचे कारण मला प्राणिशास्त्राच्या एका मैत्रिणीने हे समजावून दिल्यावर उमगले.

दुसरी गोष्ट पहिल्या पावसाची. जूनमधला पहिला जोरदार पाऊस रस्त्यावरचे तेल, नाल्यांत साचलेला गाळ, कचरा, सगळे एका रात्रीत नदीत लोटतो. त्या एका रात्री जे घडते ते पुढच्या आठवड्याच्या नमुन्यात सापडत नाही. तिसरी गोष्ट पुराची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तो दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर मुठा नव्हे, आंबिल ओढा चढला आणि माणसे वाहून गेली. शहरातले पाणी म्हणजे दोन मोठ्या नद्याच नव्हेत. ओढे, नाले, पाषाण आणि कात्रजची तळी, विहिरी, हे सगळे त्यात आले. ह्या ओढ्यांना तासातासाला किती पाणी येते हे मोजणारा माणूस ओढ्याजवळ राहणारा हवा. चौथी गोष्ट काळाची. एका विद्यार्थ्याचा प्रबंध दोन-तीन वर्षांत संपतो आणि मार्गदर्शकांच्या कपाटात जातो. नदीचे वागणे कळायला वीस-तीस वर्षे लागतात. रात्र, पहिला पाऊस, पूर आणि वर्षे, ह्या चारही गोष्टी सहलीच्या बसमध्ये बसत नाहीत.

लांबच्या नोंदीचे मोल काय असते ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते मला फार बोलके वाटते. सिॲटल शहराला लागून वॉशिंग्टन नावाचे मोठे तळे आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला तळ्याकाठच्या वस्त्यांची शुद्धीकरण केंद्रे आपले पाणी त्यात सोडीत. १९५५ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांना तळ्यात एक विशिष्ट शेवाळ दिसले. युरोपातल्या बिघडलेल्या तळ्यांत हेच शेवाळ आधी आलेले होते. प्राध्यापक एडमंडसन ह्यांनी ही धोक्याची घंटा ओळखली. पण ‘तळे बिघडत आहे’ असे म्हणायचे तर आधी ते कसे होते हे सांगता आले पाहिजे. ते सांगता आले, कारण १९३३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या दोघांनी तळ्याची मोजणी करून ठेवली होती. त्या वेळी त्या मोजणीचा कोणाला काय उपयोग वाटला असेल? बावीस वर्षांनी ती कामाला आली. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदान करून सांडपाणी तळ्याबाहेर वळवण्याची योजना मंजूर केली. १९६३ ला काम सुरू झाले, १९६८ ला पुरे झाले. पूर्वी एका मीटरवर दिसेनाशी होणारी मोजणीची थाळी सत्तरीच्या दशकात तीन मीटरपर्यंत दिसू लागली.

ह्या गोष्टीतला एक बारकावा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तळ्यात जाणारे ते पाणी शुद्धीकरण केंद्रांतूनच आलेले होते. त्यातली घाण बरीचशी निघाली होती, पण स्फुरद निघाले नव्हते. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असे लिहिलेले असते, त्यातलेच हे स्फुरद. उसाला ते जसे पोसते तसेच पाण्यातल्या शेवाळालाही. शेवाळ माजले, मेले, कुजले की प्राणवायू संपतो. आपल्याकडे २०१६ मध्ये सुमारे ९९० कोटी रुपयांची नदी-शुद्धीकरण योजना जपानच्या साहाय्याने मंजूर झाली आणि तिच्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रे धरलेली आहेत. ती व्हावीत, लवकर व्हावीत. परंतु केंद्र सुरू झाल्यावर नदी खरोखर किती सुधारली, जलपर्णी कमी झाली की नाही, हे केंद्राच्या नळाशी मोजून कळणार नाही. ते खाली, नदीत मोजावे लागेल. आणि आधीची नोंद नसेल तर ‘सुधारली’ ह्या शब्दाला काहीच अर्थ उरणार नाही.

हे काम आजच सुरू करण्याचे आणखी एक कारण आहे. शहरातल्या सुमारे ४४ किलोमीटर नदीकाठाचे रूप बदलण्याच्या प्रकल्पाची कोनशिला मार्च २०२२ मध्ये बसली. त्या प्रकल्पाविषयी शहरात दोन तट आहेत. एक म्हणतो काठ सुंदर होईल, लोक नदीकडे परत येतील. दुसरा म्हणतो काठावरची झाडे, पक्षी आणि पुराला पसरायची जागा जाईल. मला इथे कोणत्याही तटाची बाजू घ्यायची नाही. उद्या दहा वर्षांनी कोणाचे खरे ठरले हे ज्याच्या आधारे सांगता येईल, ती वही दोन्ही तटांना लागणार आहे. बदल होऊन गेल्यावर आधीची स्थिती मोजता येत नाही.

आता कला शाखेविषयी. एका वर्गमित्राने मला म्हटले, “हे सायन्सवाल्यांचे काम. आपण फार तर नदीवर निबंध लिहावा.” मला हे पटत नाही, आणि त्याला साक्षीदार आहे एक इंग्रज लष्करी अधिकारी. कर्नल साइक्स हे कंपनी सरकारच्या चाकरीत दख्खनची माहिती गोळा करीत हिंडले. १८३९ ते १८४१ ह्या काळात त्यांचे दख्खनच्या माशांवरील लेखन लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतून पुढे आले. नवे मासे सापडले तेव्हा त्यांना नावे देताना साइक्सनी अनेक ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव उचलले. म्हणून आजही शास्त्राच्या पुस्तकात एका माशाचे नाव ‘गारा मुल्या’ आहे. तो आपला मळ्या. एक ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ आहे, तो कोळस. दख्खनच्या महसीर माशाचे नाव ‘टॉर खुद्री’ आहे, आणि त्याचे पहिले वर्णन झाले ते पुण्याच्या पूर्वेस वाहणाऱ्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे आमच्याच बाजूच्या पाण्यातून! जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ जे लॅटिन नाव उच्चारतात त्यात एका अनाम मराठी मच्छिमाराचा शब्द बसलेला आहे. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर ह्यांनी पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात दिली. त्यानंतरही अभ्यासकांनी ह्या नद्यांतले मासे मोजले आणि जुन्या याद्यांशी ताडून पाहिले. म्हणजे आपली वही अगदीच कोरी नाही. तिची पाने सुटी, दूरदूर आणि बहुतेक इंग्रजीत आहेत.

साइक्सना ती नावे सांगणारे भोई आजही काठावर आहेत. त्यांच्या जाळ्यात आता बहुतेक चिलापी येते. कोणता मासा कोणत्या डोहात केव्हा शेवटचा दिसला, कोणत्या साली पाण्याचा रंग बदलला, कोणता ओढा बारमाही होता, हे त्यांच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान टेपवर उतरवणे, नावांचा कोश करणे, जुने नकाशे, महसुली कागद आणि पेशवेकालीन नळांच्या नोंदी वाचणे, ओवीत नदी कशी येते ते पाहणे, हे काम मराठीच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे नाही तर कोणाचे? म्हातारी माणसे फार वर्षे थांबत नाहीत. माझी आजी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्याबरोबर तो झऱ्यांचा नकाशा जाईल.

केंद्र कुठे असावे ह्याविषयी माझे मत ठाम आहे, आणि गुरुजनांपैकी काहींना ते कदाचित रुचणार नाही. गणेशखिंडीच्या आवारात, झाडीत, चांगल्या रस्त्यालगत केंद्र बांधणे सोपे आहे. पाषाण तळेही जवळ पडते. पण मुख्य केंद्र शहराच्या खाली, थेऊरच्या आसपास असावे असे मला वाटते. खडकवासल्यापासून संगमापर्यंत आणि पुढे शहराच्या हद्दीपर्यंत जे जे नदीत पडते त्याची बेरीज तिथे येते. दुकानाचा हिशेब पाहायचा तर शेवटच्या पानावरची बेरीज पाहतात. बेरजेच्या आधीच्या रकमांसाठी वर दोन छोटी ठाणी पुरेत, एक खडकवासल्याच्या खाली आणि एक संगमाजवळ. शिवाय ह्या पाण्यावर ज्यांची शेते, गुरे आणि विहिरी आहेत ती माणसे खाली राहतात. केंद्र वर असले तर आम्ही ‘नमुना’ म्हणून भेटू. केंद्र आमच्यात असले तर आम्ही शेजारी म्हणून भेटू आणि प्रश्नही विचारू. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात. त्यांच्यातला दहावा माणूस जरी दर्शनानंतर केंद्रात डोकावला तरी लोकशिक्षण होईल.

अर्थात काठावर म्हणजे पुराच्या तोंडी नव्हे. पाटबंधारे खाते निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. केंद्राची इमारत लाल रेषेच्या बाहेर असावी. आत फक्त पाण्याची पातळी दाखवणारी खांबपट्टी, पायऱ्या आणि होडी बांधायचा खुंटा. नदीचा अभ्यास करणाऱ्यांनीच नदीची जागा बळकावली तर त्यांचे कोण ऐकणार?

खर्चाचा आक्षेप येईलच. त्यासाठी माझे म्हणणे असे की पहिली दोन वर्षे बांधकामच करू नये. गावात दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि मोजणी सुरू करावी. कोनशिला, उद्घाटन, फोटो आणि मग कुलूप, असा क्रम आपण पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. मोजणी दोन वर्षे न खंडता चालली तरच इमारतीचा विचार व्हावा. सुरुवातीची साधने महाग नाहीत. पाण्याची पारदर्शकता मोजायची थाळी १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने वापरली. आज ती वीतभर व्यासाची, काळी-पांढरी असते, दोरीने पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते लिहायचे. आपल्या गावचा पत्र्याचे काम करणारा कारागीर ती तासाभरात करून देईल. प्राणवायू मोजण्याची विंक्लरची पद्धत १८८८ ची आहे. बाटल्या, चार रसायने आणि नीटस हात एवढेच तिला लागते. दगड उलटून खालचे किडे पाहणे तर फुकटचे. काही किड्यांच्या अळ्या स्वच्छ, वाहत्या पाण्यातच टिकतात. काही तांबड्या अळ्या घाणीतही सुखाने नांदतात. कोण घरी आहे त्यावरून घर कसे आहे ते कळते. महागडी यंत्रे लागतीलच, कीटकनाशके, औषधांचे अंश, रोगजंतू शोधायला. परंतु ती विद्यापीठाच्या विभागांत ठेवावीत आणि नमुना तिकडे न्यावा.

मोजणी कोण करणार? इथे माझ्यासारख्यांचा प्रश्न येतो. आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. मी स्वतः त्या योजनेत ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालते, आणि त्या पैशांवर माझा प्रवासखर्च निघतो. ह्याच योजनेतून काठावरच्या गावांतल्या विद्यार्थ्यांना रोजची पातळी, तापमान, थाळी आणि प्राणवायू ह्यांची नोंद करण्याचे काम द्यावे. ज्याचे घर काठावर आहे त्याला पहाटे चारला यायला वाहन लागत नाही. मात्र एक अट असावी. अर्ज, प्रशिक्षण आणि वही मराठीत असावी. इंग्रजी अर्जाच्या उंबरठ्यावरून परत फिरलेली हुशार मुले मी माझ्या गावात पाहिली आहेत. शोधनिबंध इंग्रजीत जगभर जावोत, त्यात आनंदच आहे. पण मूळ नोंद ज्या भाषेत मासा मळ्या आहे त्या भाषेत व्हावी.

आणि ही वही उघडी असावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काठावरच्या प्रत्येक गावाच्या चावडीवर आणि शहरातल्या पुलांवर एक फळा लागावा: ह्या महिन्यात नदीत पहाटेचा प्राणवायू इतका, गेल्या वर्षी ह्याच महिन्यात इतका. दोनच आकडे. आज आपल्याला पाण्याची आठवण संकटात होते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा घराघरांत पाणी उकळू लागले आणि विहिरींचे नमुने तपासायला धावाधाव झाली. संकट येण्याआधीची नोंद जवळ असणे हाच खरा शहाणपणा. इंग्लंडातल्या विंडरमिअर तळ्याची नियमित नोंद १९४५ पासून ठेवलेली आहे. ती सुरू करणाऱ्यांपैकी कोणी आज पाण्यावर जात नसेल, पण वही चालू आहे. माणसे बदलली तरी वही चालू राहते, म्हणून हे काम एखाद्या हौशी मंडळापेक्षा विद्यापीठासारख्या टिकाऊ संस्थेने करावे असे मी म्हणते.

शेवटचा आक्षेप सर्वांत कडू आहे. मोजून काय होणार? पाणी मोजल्याने स्वच्छ होत नाही. खरे आहे. ताप मोजल्यानेही ताप उतरत नाही. परंतु तापमापक नसलेल्या दवाखान्यात जो मोठ्याने कण्हतो त्याच्याकडेच आधी पाहिले जाते, आणि शहराचे कण्हणे नेहमीच गावापेक्षा मोठे ऐकू येते. आमच्या गावाजवळ आवाज नाही, पैसा नाही. आकडा मात्र आवाज चढवून बोलला काय किंवा हळू बोलला काय, तेवढाच राहतो. म्हणून तो आम्हांला हवा आहे.

विद्यापीठ ठराव करील, समित्या बसतील, त्यांना वेळ लागेल. तोवर आपल्या महाविद्यालयाला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. भूगोल मंडळ आणि वाङ्मय मंडळ ह्यांनी मिळून ह्या जूनपासून एक वही घालावी. दर रविवारी दोघांनी संगमाच्या पुलाजवळ आणि दोघांनी खाली आमच्या बाजूला जावे. थाळी किती खोल दिसली, पाण्याचा रंग काय, जलपर्णी किती, कोणता पक्षी, कोणता मासा, आणि काठावर जो कोणी म्हातारा भेटेल त्याने सांगितलेली एक आठवण, एवढे लिहावे. खाली सही आणि तारीख घालावी. आमच्या बाजूचा पहिला रविवार माझ्याकडे. थाळीसाठी पत्रा मी आणते. सोबतीला एक जण हवा आहे, त्याने किंवा तिने ग्रंथालयात मला गाठावे.